मोजायला पांढरं हवं

तोक्तोसुन पाठीवर फवारणीचा पंप चढवून शेताकडे निघाले, तेव्हा त्यांची सून बुरुल लसूणघासात गुडघाभर उभी राहून अळ्या पकडायची जाळी फिरवत होती. सासऱ्यांना बघताच ती बांधाकडे धावली.

"आबा, थांबा. नुसतं बघा तरी."

"तीन दिवस बघतोच आहे! तू अळ्या मोजत बस, तोवर त्या अख्खं शेत फस्त करतील. मग हिवाळ्यात गुरांना काय, तुझी जाळी घालू?"

"पण आज फवारलंत तर पंधरा दिवस घोडीला यातली काडी देता यायची नाही. तिचं दूध आटलं तर शिंगरू जगेल का?"

सासऱ्यांशी इतकं ती आजवर कधी बोलली नव्हती. तिची तिलाच धास्ती वाटली.

हिरव्या घासावर हिरवी अळी दिसायची कशी? मोजायला पांढरं काहीतरी हवं, आणि रोजची पांढरी थाळी आज घाईत घरीच राहिली होती. बुरुलने डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, जमिनीवर पसरला आणि जाळी त्यावर झटकली.

तोक्तोसुननी चटकन तोंड फिरवलं. सुनेचं उघडं डोकं सासऱ्याने बघायचं नसतं.

"अगं, लाज सोडलीस की काय!"

"डोकं नका बघू आबा, अळ्या बघा."

ते पाठ फिरवून तसेच उभे राहिले. आता पंपाचा दांडा हलणार, या भीतीने बुरुलच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग न वळताच त्यांनी हात मागे केला. हातात त्यांची पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी होती. ती त्यांनी सख्ख्या भावालाही कधी घालू दिली नव्हती.

"घाल डोक्यावर. आणि तुझ्या सासूला सांगू नकोस."

टोपी तिच्या भुवयांपर्यंत आली. पंप उतरवून तोक्तोसुन रुमालापाशी उकिडवे बसले. बोटाने एक अळी उलटली, मग दुसरी. बऱ्याचशा तपकिरी पडून ताठल्या होत्या.

"मेल्यात की काय?"

"पावसानंतर रोग पडलाय त्यांच्यात. परवा दहात एक मेलेली होती, आज सहा आहेत."

जूनच्या उन्हात त्यांचं टक्कल तापत होतं, तरी ते अळ्या उलटत राहिले. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ही झाली बांधाजवळची मोजणी. पार पलीकडच्या टोकाला कोण मोजणार? तुझा सासरा?"

आणि पंप तिथेच ठेवून, जाळी खांद्यावर टाकून ते घासात शिरले.