सरांची टाच

इनामदार सर मैदानाला चौदावी फेरी मारत होते आणि त्यांची टाच हेमलताला दुखत होती. तिच्या घोट्यावरचा पट्टा सरांच्या पायातली प्रत्येक कळ तिच्याकडे आणत होता. सरांना काहीच जाणवत नव्हतं. मॅरेथॉनच्या सरावाला दुखणं सोसणारा माणूस आता सगळेच ठेवतात. कळ वाढली की त्याने "थांबा" म्हणायचं, एवढंच काम.

"टाचेचं दुखणं हिच्याइतकं कुणाला कळणार?" असं म्हणत सरांनीच तिला निवडलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती त्यांची विद्यार्थिनी होती. टाच दुखते म्हणून ती रडत थांबली, तेव्हा सर ओरडले होते, "नाटकं पुरे! अजून दोन फेऱ्या मार." दुसऱ्या फेरीत तिचं हाड मोडलं. त्यानंतर ती कधीच पळाली नाही. आपण काय बोललो होतो, ते मात्र सर साफ विसरले होते.

पंधराव्या फेरीला तीच ओळखीची कळ आली, हाड मोडण्याआधीची. हेमलताने ओढणी दातांत घट्ट धरली.

सर धापा टाकत समोर आले. "काय म्हणतेय टाच?"

हेमलताने ओढणी सोडली आणि ती हसली.

"काही नाही, सर. अजून दोन फेऱ्या मारा."