सोमवारचा दगड

गुरुलिंग वस्तादानं लाडू जिभेला लावला मात्र, तोंड कडूजहर झालं. अश्वगंधा, गोखरू, कवचबीज आणि देव जाणे आणखी काय काय, गुळातुपात वळून ईरप्पा वैद्यानं दिलेलं. रोज एक, जेवताना.

"पुरुषांचंच औषध हाय ह्ये, वस्ताद," वैद्यानं बजावलं होतं. "बाईमाणसाच्या कानावर घालायचं न्हाय. गुण जातो."

वस्तादानं घरात चकार शब्द काढला नाही. लाडवाचा कोपरा कसाबसा कुरतडला, वर तांब्याभर पाणी ढोसलं आणि उठला. त्याची बायको ईरम्मा नेहमीसारखी त्याच्याच ताटात भाकरी घेऊन जेवायला बसली.

औषधाची वेळ आली होती खरी. त्याच्या तालमीचा रिवाज असा, की संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामाच्या जत्रेआधी, गड्ड्याआधी, वस्तादानं चारचौघांत तालमीचा दगड छातीपर्यंत उचलायचा. नाही जमलं, तर पागोटं उतरवून दुसऱ्याच्या हाती द्यायचं. गेल्या साली गुरुलिंगनं तो उचलला, पण डोळ्यांपुढं काजवे चमकले. यंदा सन एकोणतीसची संक्रांत तोंडावर आली होती, आणि त्याच तालमीतला, मिलमध्ये कामाला जाणारा सिदू, दंडात बेडक्या घेऊन, नुसता वाट बघत होता. तोंडानं काही म्हणत नव्हता बिचारा, पण बघत होता.

म्हणून वस्तादानं दगड बैलगाडीत घालून घरी आणवला. अंगणात, ओट्याशेजारी टाकला. रोज संध्याकाळी दार लावून तो दगडाला झोंबायचा. दगड ढिम्म हलत नसे. मग त्याच्या माथ्यावर भस्माचे पट्टे ओढून तो हात जोडायचा, "सिद्धरामा, माझी लाज राख रे बाबा."

एका सोमवारी अंधारातच तळ्यावर गेलेला तो अंघोळ करून उजाडता परतला आणि अंगणात थबकला. माथ्यावरचे भस्माचे पट्टे भिंतीकडं वळले होते. दगड कुणीतरी हलवला होता! त्यानं वाकून पाहिलं. सारवण ओलं, गुळगुळीत. दगड ओढल्याची रेघसुद्धा नाही. म्हणजे उचललाच होता की!

पोरांची थट्टा असेल म्हणून तो गप्प बसला. पण मधले दिवस दगड जागचा हलला नाही, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सोमवार! सिद्धरामाचाच वार. वस्तादाच्या अंगावर सरसरून काटा आला. तो तिथंच अंगणात बसला, दगडाला हात लावायचीही त्याची छाती होईना.

धावतपळत त्यानं वैद्याला गाठलं. वैद्यानं सगळं ऐकलं आणि आपल्याच लाडवांच्या बरणीकडं डोळे विस्फारून बघत राहिला.

"वस्ताद, बळ आधी हाडात उतरतं," तो हळूच म्हणाला. "हाताला मागनं कळतं. झोपेत तुमीच उचलत असणार. दुसरं कोण उचलील?"

"व्हय की!" वस्ताद म्हणाला. वाटेनं घरी येताना त्याला राहून राहून नवल वाटत होतं. चिमूटभर चाटून ही करामत, तर अख्खा लाडू पोटात गेला असता तर? पण ते काही त्याच्यानं झालं नाही. जीभच ऐकत नव्हती, मेली.

घरात तो इतका खुशीत असे, की बाकी कशाकडं त्याचं ध्यान नव्हतं. पावसाळ्यात हिवतापानं ईरम्माची पार काडी झाली होती. आडावर भरली घागर कमरेवर चढवून द्यायला शेजारच्या बसम्माला हाक मारावी लागायची. आताशा ती हाक ऐकू येत नव्हती. दोघींचं बिनसलं असेल, वस्तादानं मनात म्हटलं. बायकांचं काय सांगावं.

परीक्षा त्यानं मुद्दाम सोमवारी ठेवली, आपल्याच अंगणात. मिलचा भोंगा व्हायच्या आत उरकावं म्हणून माणसं भल्या पहाटेच जमली. सिदू आला. ईरप्पा वैद्य नवं धोतर नेसून, बरणी काखेत मारून आला.

वस्तादानं दंड थोपटले. दगडाला मिठी घातली. मानेच्या शिरा टरारल्या, चेहरा लालबुंद झाला. दगड हलला नाही. त्यानं दम खाल्ला, पुन्हा धरला. नाही म्हणजे नाहीच. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

"वैद्यबुवा," तो धापा टाकत म्हणाला, "तुमचं औषध खोटं हाय. सगळ्यांसमोर सांगतो."

वैद्य पांढराफटक पडला. "रोज घेत हुता न्हवं?"

"घेतलं की. रोज ताटात घेतलं."

वैद्यानं बरणी उचलली आणि खाली मान घालून दाराकडं वळला. वस्तादानं डोक्यावरचं पागोटं काढलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं लपवलं नाही. सिदू पुढं झाला खरा, पण पागोट्याला हात लावेना.

तेवढ्यात शेणाची बादली घेऊन ईरम्मा दारात आली. पहाटेपासून ती माणसं हलायची वाट बघत आत ताटकळली होती.

"झालं का तुमचं? सरका वाईच. सोमवार हाय, सारवायचं ऱ्हायलंय."

"थांबा काकी," सिदू म्हणाला. "चौघं मिळून दगड बाजूला घेतो."

"कशाला रं?"

तिनं पदर खोचला, वाकली, लेकरू उचलावं तसा दगड छातीशी धरला आणि ओट्यावर ठेवला. ईरम्मानं बादलीत हात घातला आणि नवऱ्याकडं बघून कुरकुरली, "आन् उद्यापासनं त्यो कडू लाडू ताटात टाकत जाऊ नका बगा. अन्न वाया घालवू ने म्हून रोज मलाच खावा लागतो."