गाळलेली ओळ

"श्वास सोडा," शिंपीणबाई म्हणाल्या. "धरून ठेवलेल्या श्वासाचं माप खोटं येतं."

ड्रायव्हरने श्वास सोडला. बाईंनी टेप त्याच्या छातीभोवती आवळली. पोट आत ओढून ऐटीत उभ्या राहणाऱ्या भल्याभल्यांना त्या श्वास सुटेपर्यंत ताटकळत ठेवायच्या. श्वास कोण किती वेळ धरणार? एरवी मोठ्यानं सांगायचा आकडा आज त्या मनातच म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी याच माणसाच्या बसखाली त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता.

शिक्षा भोगून तो केव्हाच सुटला. आता डेपोत बस धुतो, चालवत नाही. दर रविवारी उपासनेला येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि सगळ्यांच्या आधी निघून जातो. दोघं आजवर एक शब्दही बोलले नव्हते. आज तो ढगळ झालेला कोट आत घ्यायला घेऊन आला. कोट नुसतं निमित्त आहे हे दोघांनाही कळत होतं.

शेवटी त्यानेच विषय काढला. प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणते. आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली की बाईंचा आवाज बंद होतो आणि पुढच्या ओळीला परत येतो. एवढ्या आवाजांतून तो एक नसलेला आवाज त्याला ऐकू येतो. जेवायला बसलं तरी येतो, बसची चाकं धुतानाही येतो. म्हणून तो आता दुसऱ्या चर्चला जाणार होता. निदान बाईंना ती ओळ म्हणता यावी.

बाईंनी टेप गळ्यात टाकली. पाळकसाहेबांनीही त्यांना समजावलं होतं, की तोंडानं म्हणत राहा, मन मागून येईल. बायका तर कुजबुजायच्या, एवढी श्रद्धेची बाई आणि नेमकी तिथंच मूग गिळून बसते. बाई कुणाशी वाद घालत नसत. गिऱ्हाइकाला कधी खोटं माप सांगितलं नाही, मग देवाला कसं सांगायचं? आणि त्या ओळीशी डाव्या बरगडीत कोपर लागतं, बाकावर शेजारी बसलेला मुलगा कंटाळला की मारायचा तसंच, हे तर त्यांनी पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात की मी ती ओळ घडाघडा म्हणेन. माणूस डोळ्यांआड झाला की क्षमा करायला काय लागतं?"

ड्रायव्हर कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "पण बाई, त्या ओळीत तुमच्यासाठीही मागणं आहे. ते कोण मागतं?"

"कुणी नाही. सहा वर्षं माझंही अडलंय." बाईंनी खडू उचलला. "त्या दिवशी पोरगा जायला नको म्हणत होता. दोऱ्याचं रीळ आणायला मीच पिटाळलं त्याला."

ड्रायव्हर स्टुलावर बसला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं; बाईंनीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कोटाच्या पाठीवर खडूनं रेघ ओढू लागल्या. रेघ वाकडी आली, पुसून पुन्हा ओढली.

कोट बुधवारी न्या, असं त्यांनी सांगितलं. तो उठून दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"रविवारी मागं बसू नका. माझ्या बाकावर या. ती ओळ जमेल की नाही, मला माहीत नाही."

त्याने मान हलवली.

"मधली जागा तेवढी सोडा," बाई म्हणाल्या. "तो बसतो तिथं."