फाटक्या आवाजाची गिटार

“हाऊ तो आवाज नही.” डोंगरसिंगने मान हलवली.

त्याच्या नातीने, चेतनाने, तारांवर हात ठेवून गिटार गप्प केली. सकाळपासूनची ही चौथी खेप. दुरुस्तीवाल्या शौकतने अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलून पाहिले, स्पीकर बदलून पाहिला. अँप्लिफायर त्याच्याच हातचा, तरुणपणी याच दुकानात बांधलेला. तरी ऐकेना.

एके काळी मोलगीकडच्या पाड्यांवर लग्न म्हटलं की डोंगरसिंगचा बँड ठरलेला. विलायती रॉकची एक कॅसेट त्याने ऐकून ऐकून झिजवली होती. तिच्यातल्या गिटारचा तो फाटका, भरदार, छातीत घुसणारा आवाज या अँप्लिफायरच्या खोक्यातून हुबेहूब निघायचा. नवरदेव राहायचा बाजूला, वऱ्हाड गिटारभोवती नाचायचं. बावीस वर्षांपूर्वी खोकं बिघडलं. शौकतने दुरुस्त करून दिलं आणि तो आवाज गेला तो गेलाच. निघायला लागला स्वच्छ, गोड, मुळमुळीत सूर.

“तू मन्हा जुना पार्ट काढी लिधा,” डोंगरसिंग तेव्हा भर बाजारात म्हणाला होता. दोघांचं बोलणं तुटलं. डोंगरसिंगने गिटार खुंटीला टांगली. शौकतचं दुकान चालत राहिलं, पण एवढ्या जवळच्या मित्राने चोर ठरवलं हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

आता पुढच्या आठवड्यात चेतनाचं लग्न. आजाने वाजवायचंच, असा तिचा हट्ट. तो आवाज मिळाला तरच, अशी आजाची अट. म्हणून तिने म्हाताऱ्याला नंदुरबारला ओढत आणलं होतं.

“चाचा, पुन्हा एकदा ऐका.” तिने मोबाइल पुढे केला. त्यात एका जुन्या लग्नातल्या आजाच्या बँडचं शूटिंग होतं. शौकतने ते सकाळपासून डोळे मिटून ऐकलं होतं. या वेळी कान थकले होते म्हणून नुसतं पाहिलं.

मांडवातले बल्ब तांबडे दिसत होते. जेमतेम उजेड.

तो ताडकन उठला. व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमर त्याने अँप्लिफायरला जोडला आणि काटा दोनशे तीसवरून दीडशेवर आणला.

“बजाव, बेटा.”

चेतनाने तार छेडली. दुकानातले खिळे-स्क्रू थरथरले. रस्त्यावरचा चहावाला वळून बघायला लागला. डोंगरसिंगने तिच्या हातातून गिटार जवळजवळ हिसकावलीच. तो वाजवत राहिला आणि डोळे वाहत राहिले. ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

“मी काहीच काढेल नव्हतं, भाऊ,” शौकत म्हणाला. “तुमना गावले करंट कमी ये, तेन्हा हाऊ आवाज. फुल करंट कव्हय उना?”

डोंगरसिंगचा हात थांबला.

“तुन्हाकडथून खोकं लयनू, त्याच आठोडामा. गावमा लाइटनी नवी डीपी बसनी, मोठा ट्रान्सफॉर्मर.”

“मंग तुमना आवाज त्या डीपीनी खादा. कोनी आनी ती?”

डोंगरसिंगने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

“मीच. सहा वरीस अक्कलकुव्याना लाइट हापिसले चकरा मार्‍यात. डीपी चालू व्हयनी तव्हय नारयबी मीच फोडा.”