बारावा खड्डा

“अजून एक खड्डा?” मोरेश्वर ओरडलेच. “यू सेड इलेव्हन!”

अमेरिकेत, बॉथेलमधल्या त्यांच्या घराच्या परसात आठवडाभर खोदकाम चाललं होतं. घर विकत घेणारा बिल्डर ते पाडून तिथे सहा नवी घरं बांधणार, तर आधी जमिनीखाली जुनं काही नाही ना, हे बघायलाच हवं. नदी जवळ आहे, काठाला पूर्वी मूळ रहिवाशांच्या वस्त्या असायच्या म्हणून. बरं, चार फावडी मारून मोकळं व्हावं, तर तेही नाही. ग्रेटा नावाची पुरातत्त्ववाली गुडघ्यांवर बसून करणीने माती खरवडायची, चाळायची, वहीत लिहायची. अकरा खड्ड्यांतून निघालं काय, तर बिअरच्या बाटलीचं झाकण. त्याचाही तिने फोटो काढला. मोरेश्वरांच्या डोक्याला नुसता ताप झाला होता.

शुक्रवारी विक्रीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. पुण्यातला फ्लॅट त्यांनी व्हिडिओ कॉलवर पसंत केला होता, विमानाची दोन तिकिटंही काढली होती. सगळं अडलं होतं ते ग्रेटाच्या एका दाखल्यावर. आणि बायको, शैलजा, त्या बाईला आलं घालून चहा पाजत होती!

कुंपणाजवळच्या बाराव्या खड्ड्यात हातभर खोल एक स्टीलची डबी निघाली. आत हळद, आणि हळदीत वाळक्या काडीसारखं काहीतरी. ग्रेटाने करणी खाली ठेवली.

“हे माणसाच्या शरीरातलं असू शकतं,” ती म्हणाली. “काम थांबवावं लागेल.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही.”

मोरेश्वरांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात शैलजा पायऱ्या उतरून आली.

“आमच्या मुलीची, हिमानीची नाळ आहे ती,” तिने ग्रेटाला सांगितलं. “नाळ गळून पडली की आमच्यात ती घराच्या जमिनीत पुरतात. चोवीस वर्षं झाली.”

ग्रेटा हसली. मग काहीच अडचण नाही, दाखला उद्याच देते, म्हणाली.

मोरेश्वरांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पाराही चढला. “अगं, मग आधी सांगायचंस ना! तो कोपरा स्किप केला असता त्यांनी!”

“तो कोपरा मीच दाखवला त्यांना.” शैलजाने डबीचं झाकण लावलं. “वाटलं, डबी बघून तरी आठवेल तुम्हाला. तेव्हा खड्डा तुम्हीच खणला होतात. अहो, घर दोघांच्या नावावर आहे. मी शुक्रवारी सही करणार नाही.”