सॉल्वेगचा कान

रेनाटानं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि चार पावलं मागे सरली.

"हे शेवटच्या भिंतीवर लावायचंय," प्रोफेसर हाल्व्होर्सन म्हणाले. "बाकी प्रदर्शन तुझं. मी तोंड घालणार नाही."

मिनिआपोलिसच्या त्या कलासंग्रहालयाची रेनाटा प्रमुख होती, आणि बाकीच्या दालनांत प्रोफेसरांचं उभं आयुष्य लागलेलं होतं. म्हणजे कोऱ्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीवर टाइप केलेलं एकेक वाक्य. 'या भिंतीमागे भिंत आहे.' 'इथे निळा चौकोन होता.' कला डोक्यात असते, हातानं करतात ते सुतारकाम, असं प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. त्यांच्या हातात पेन्सिल कुणी पाहिली नव्हती.

हे चित्र पेन्सिलीचं होतं. एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा.

"कुणी काढलंय?"

"मी." प्रोफेसर चक्क लाजले. "सॉल्वेग गेल्यावर शिकायला लागलो. चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो, तिथे. वर्गातल्या बायका हसतात मला. काही केल्या कान जमत नाही."

कान खरोखरच चुकला होता. पार गालावर घसरला होता. पण डोळे प्रोफेसरांच्या बायकोचे, सॉल्वेगचेच होते. वर्गातून रडत बाहेर पडलेल्या पोरांच्या हातात बटाटे-खिम्याच्या गरम हॉटडिशची ताटली देताना ती अशीच बघायची. विद्यार्थिनी असताना रेनाटाकडेही एकदा तिनं तसंच बघितलं होतं.

 

"चला, समीक्षा करू," रेनाटा म्हणाली. "तुमच्या वर्गात व्हायची तशी."

"रेनाटा, अगं, हे काही तसलं..."

"श्श! नियम तुमचाच आहे, प्रोफेसर. ज्याचं काम, त्यानं बोलायचं नाही."

प्रोफेसर गप्प झाले. नियम त्यांचाच होता.

रेनाटानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, हात पाठीमागे बांधले आणि चित्रासमोर सावकाश एक फेरी मारली. प्रोफेसर मारायचे तशीच.

"हात बरा आहे. मेहनत दिसते. मेहनत काय, गाढवंही करतात. डोकं कुठाय?"

रेनाटानं आजोबांच्या हातांचं चित्र काढून आणलं होतं, तेव्हा भर वर्गात प्रोफेसर हेच बोलले होते. शब्दाला शब्द. त्यांना ते आठवलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. कान मात्र लाल झाले.

त्या दिवशी शेवटी ते म्हणाले होते, "घरी घेऊन जा. आईला आवडेल."

"घरी घेऊन जा," रेनाटा म्हणाली. "सॉल्वेगला आवडलं असतं."

प्रोफेसरांनी चित्र उचलून काखेत घेतलं. मग प्रोफेसरांनी हलक्या आवाजात विचारलं, "आणि शेवटची भिंत?"

"ती माझ्यावर सोडा. तुमच्याच पद्धतीनं करते."

शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन झालं. सगळी गर्दी शेवटच्या भिंतीपुढे. भिंत कोरी होती. मधोमध एक वाक्य, प्रोफेसरांच्या टाइपरायटरच्याच अक्षरांत: 'गेलेल्या बायकोचा चेहरा काढा.'

एका बाईनं रुमाल काढला. गेल्या कित्येक वर्षांत ज्याला काहीच आवडलं नव्हतं, असा एक समीक्षक गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं प्रोफेसरांना मिठी मारली.

"गॉर्डन, लेका, जिंकलंस! चेहरा न दाखवायची छाती लागते. दुसरा एखादा बावळट सरळ चित्र काढून मोकळा झाला असता." मग त्याचं लक्ष प्रोफेसरांच्या काखेतल्या पुडक्याकडे गेलं. ब्राऊन पेपरात गुंडाळलेलं, चपटं. "हे काय रे?"

प्रोफेसरांनी तोंड उघडलं.

समोर रेनाटा वाइनचा पेला घेऊन उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.