शाल्मलीला कुठलीच गाडी नेईना

निसार मेस्त्रीने शाल्मलीची इलेक्ट्रिक डर्ट बाइक स्टँडवर चढवून ॲक्सिलरेटर पिळला, तसं मागचं चाक गरगर फिरलं. मोटरच्या वायरी ठीक होत्या, कंट्रोलरवर एकही एरर नव्हता. पण शाल्मलीने हँडलच्या मुठी धरल्या की मोटर गप्प.

"कंट्रोलर गेलाय, निसारभाई. बदलून टाका. दुपारी घाटात रेस आहे माझी."

मेस्त्रीने नेहमीसारखा स्वतःच्या चालू गाडीचा कंट्रोलर काढून बसवला. तोही तिच्या हातात बंद पडला. मग त्याने तिला गॅरेजमधल्या एकेका इलेक्ट्रिक गाडीवर बसवून पाहिलं. एकही हलली नाही.

मेस्त्रीने पाना खाली ठेवला. हे नवे कंट्रोलर मुठीतून चालकाची नाडी वाचतात. काळीज आज दगा देणार असं दिसलं, की मोटरला करंटच देत नाहीत. गेल्या महिन्यात रेसमधल्याच संपतला कुठलीच गाडी नेईना, म्हणून त्याने हट्टाने नाडीची वायर कापून घेतली. घाटात त्याने हँडलवरच मान टाकली.

"ताई, आज दवाखान्यात जा. माझं ऐका."

"रेस सोडून? काहीतरीच तुमचं!"

ती हसत कोपऱ्यातल्या धुळकट पेट्रोलच्या गाडीवर बसली आणि किक मारली.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.